जांघेतल्या गाठींची शस्त्रक्रिया : उघडी आणि रोबोटची

शिश्नाच्या कर्करोगात रुग्ण वाचेल की नाही, हे बहुतेक वेळा जांघेतल्या लसीका गाठींवर ठरते. मूळ व्रणाची शस्त्रक्रिया आजही उघडीच होते. रोबोटचा प्रश्न येतो तो या गाठी काढताना.

बार्शीत 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम तालुक्यांत गावोगाव फिरून रुग्ण शोधण्याचे ते काम मोलाचे होते, कारण शिश्नाचा कर्करोग हा आजार खेड्यात अधिक आणि लाजेपोटी लपवला जाणारा. मागे न सरणारी कातडी, अस्वच्छता, तंबाखू आणि एचपीव्ही विषाणू ही त्याची मुख्य कारणे. लहानपणी सुंता झालेल्यांत तो क्वचितच दिसतो. टाटा रुग्णालयाच्या पेमास्टर व गंगाधरन यांनी 1967 मध्ये भारतातल्या अशा रुग्णांचा अभ्यास मांडला होता.

उघड्या पद्धतीत जांघेत लांब छेद घेऊन कातडी उचलतात आणि मांडीच्या मोठ्या रक्तवाहिन्यांभोवतीची चरबी गाठींसकट काढतात. कातडीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही त्याच चरबीतून जातात. त्यामुळे जखमेच्या कडा काळ्या पडतात, टाके उसवतात, पू होतो, लस झिरपत राहते आणि ड्रेसिंग आठवडेच्या आठवडे चालते. जुन्या अहवालांत निम्म्याहून अधिक रुग्णांना असा काही ना काही त्रास झालेला दिसतो. तो टाळण्याच्या खटपटीतच पुढचा इतिहास घडला. पॅराग्वेच्या काबानास यांनी 1977 मध्ये आधी पहारेकरी गाठ, म्हणजे कर्करोग सर्वांत आधी जिथे पोचतो ती गाठ, तपासण्याची कल्पना मांडली. 1988 मध्ये कॅटालोना यांनी छेद व काढायचा भाग आटोपता केला. ब्राझीलमध्ये टोबियास-मचाडो यांनी दुर्बिणीची पद्धत रुजवली आणि 2009 मध्ये रोबोटने केलेल्या शस्त्रक्रियेचा अहवाल आला.

रोबोटच्या पद्धतीत जांघेवर छेदच घेत नाहीत. खाली मांडीवर तीन-चार छिद्रे पाडून कातडीखाली वायू भरतात आणि त्या पोकळीत काम करतात. गाठी साधारण तेवढ्याच निघतात, जखम मात्र फार कमी चिघळते. पायाची सूज आणि लस साठणे यांत तेवढा ठाम फरक दिसलेला नाही. वेळ आणि खर्च जास्त लागतो. दीर्घकाळाचे निष्कर्षही अजून तोकडे आहेत.

गाठी हाताला लागत नसतील किंवा लहान, हलत्या असतील, तर रोबोटचा हा फायदा खरा ठरतो. जांघेतल्या गाठी घट्ट चिकटल्या, कातडी फोडून बाहेर आल्या, तर कातडीही काढावी लागते आणि उघड्या झालेल्या रक्तवाहिन्यांवर मांडीचा स्नायू वळवून बसवावा लागतो. ते काम आजही उघड्या शस्त्रक्रियेचेच आहे.