आऱ्यांची वीण (सायकलचे चाक)

सायकलच्या चाकात हबपासून रिमपर्यंत आरे, म्हणजेच स्पोक, ज्या रीतीने बसवतात ती मांडणी. बैलगाडीचा लाकडी आरा भार दाबाने सोसतो. सायकलचा आरा जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची तार असतो. दाबला तर तो वाकतो. म्हणून तो आधीच ताणून बसवतात. चाकावर वजन पडले की जमिनीलगतच्या मोजक्या आऱ्यांचा ताण उतरतो, बाकीच्यांचा जवळजवळ तसाच राहतो. जॉब्स्ट ब्रँट या अमेरिकन अभियंत्याने १९८१ च्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात याची नीट फोड केली आहे. चाकाची ताकद त्यामुळे मुख्यतः आऱ्यांच्या संख्येत आणि सारख्या ताणात असते. विणीचा वाटा त्यामानाने लहान.

सरळ विणीत आरे हबमधून थेट रिमकडे जातात. ते किंचित आखूड, म्हणून चाक थोडे हलके. पण हबच्या चकतीची भोके बाहेर ओढली जातात आणि कमकुवत चकती तडकते. पॅडलचा पीळही ही वीण रिमपर्यंत पोचवू शकत नाही, त्यामुळे मागच्या चाकाला ती निरुपयोगी. रिमवर ब्रेक लागणाऱ्या पुढच्या चाकाला मात्र ती चालते.

फुलीच्या विणीत आरे तिरपे जाऊन एकमेकांना छेदतात, म्हणून ती पीळ पेलते. इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये तिचे पेटंट घेतले. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुकसारख्या भीमाकाठच्या गावांत दुधाच्या किटल्या नि चाऱ्याचे भारे वाहणाऱ्या काळ्या २८ इंची सायकलीला हीच वीण असते: कॅरियरचा भार पेलणाऱ्या मागच्या चाकाला ४० आरे, पुढच्याला ३२. ही विभागणी शहाणपणाची आहे.

कावळ्याच्या पावलासारख्या विणीत एक सरळ आरा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक तिरपा, असे तिघांचे गट असतात. त्यासाठी हबच्या प्रत्येक चकतीवरील भोकांना तीनने भाग जावा लागतो. २४ किंवा ३६ आऱ्यांत हे जमते. ३२ आणि ४० मध्ये, म्हणजे चकतीवर १६ आणि २० भोके असताना, जमत नाही.

पिळाच्या विणीत आऱ्यांची जोडी मध्यावर एकमेकांना वेढा घालते. चाक फुलासारखे सुंदर दिसते, ताकद मात्र वाढत नाही. एक आरा तुटला की जोडीदारही सैल पडतो, म्हणून चाक अधिक लहरते. एरवी आउट काढणे, म्हणजे लहरणारे चाक सरळ करणे, हे धीराचे पण सोपे काम: चाक फिरवायचे, रिम घासते तिथल्या, पण विरुद्ध बाजूच्या चकतीकडून येणाऱ्या आऱ्याचे निपल (रिमकडच्या टोकाचा नट) चावीने पाव फेरा आवळायचे, आरा बोटाने छेडून शेजाऱ्याशी आवाज जुळवायचा. पिळात एक निपल फिरवले की दोन्ही आऱ्यांचा ताण बदलतो, आणि वेढ्यापुरता लांब लागणारा आरा त्या चाकाच्या नेहमीच्या मापात मिळत नाही.