‘ळ’ आला तर कोणतं गाणं म्हणायचं?

गेवराई असो की पुणे, गाण्यांच्या भेंड्या ‘ळ’वर अडतातच. कारण मराठीत ‘ळ’ किंवा ‘ण’ने शब्द सुरू होत नाही. म्हणून ‘ळ’ऐवजी ‘ल’ आणि ‘ण’ऐवजी ‘न’ चालवून घेतात.

जपानमध्ये अशी सवलत नाही. तिथल्या ‘शिरितोरी’ या शब्दांच्या भेंड्यांत शेवटी ‘न्’ असलेला शब्द उच्चारणारा थेट बाद होतो, कारण त्या अक्षराने जपानी शब्द सुरू होत नाही.

बाकी जपानी वर्णक्रम आपल्याला ओळखीचा वाटेल: अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून तो घडला. त्यामुळे १९६१चं जगप्रसिद्ध ‘उए ओ मुइते अरुको’ हे जपानी गाणं अक्षरवार यादीत ‘उ’खाली शोधायचं.