टीव्हीची वेळ कोण ठरवतं?



आपलं संध्याकाळचं जेवण सूर्यावर ठरतं, सामायिकाची ४८ मिनिटं आपण ठरवतो. टीव्हीची वेळ मात्र बहुतेक घरांत दुसरंच कोणीतरी ठरवतं. असं का झालं, ते थोडं मागे जाऊन पाहूया.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. वेळ केंद्राची, आपण फक्त समोर बसायचं. १९८१ मध्ये श्रवणबेळगोळला भगवान बाहुबलींचा सहस्राब्दी महामस्तकाभिषेक झाला, तेव्हा देशातला टीव्ही कृष्णधवलच होता. रंग आले १९८२ मध्ये. १९८७ पासून ‘रामायण’ दाखवू लागले आणि रविवार सकाळची कामं त्या मालिकेच्या वेळेप्रमाणे होऊ लागली.

ही पकड सैल व्हायला सुरुवात झाली अमेरिकेत. १९९९ मध्ये टिवो नावाचं यंत्र आलं. चालू कार्यक्रम मध्येच थांबवता येऊ लागला. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने टीव्हीसाठी विंडोजची खास ‘मीडिया सेंटर’ आवृत्ती काढली. त्याच वर्षी आयझॅक रिचर्ड्स या प्रोग्रामरने केबलवाल्यांच्या संथ आणि जाहिरातींनी भरलेल्या बॉक्सला कंटाळून ‘मिथटीव्ही’ लिहायला घेतलं. एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी काही हौशी मंडळींनी केलेला प्लेअरही २००२ चाच. पुढे तो साध्या संगणकांवर चालू लागला आणि २०१४ मध्ये त्याचं नाव ‘कोडी’ झालं. टीव्हीला जोडलेल्या अशा संगणकाला होम थिएटर पीसी म्हणू लागले.

मग स्ट्रीमिंग आलं. नेटफ्लिक्सने ते २००७ मध्ये अमेरिकेत सुरू केलं, भारतात जानेवारी २०१६ मध्ये आणलं. मायक्रोसॉफ्टने तर २०१५ च्या विंडोज १० मधून मीडिया सेंटर काढूनच टाकलं. आता कार्यक्रम हवा तेव्हा लागतो, पण एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होतो. जुन्या दूरदर्शनचं प्रक्षेपण रात्री संपायचं तरी! आता ‘पुरे’ आपल्यालाच म्हणावं लागतं.

आपल्याकडे यासाठी भोगोपभोग परिमाण व्रत आहेच. मर्यादा आधी ठरवायची, मोह समोर आल्यावर नाही. म्हणूनच मला टीव्हीजवळचा जुना संगणक आवडतो. नवी वस्तू घरात येत नाही, एवढाच अपरिग्रह! संगणकाला एचडीएमआयची सोय असेल तर एका केबलने तो टीव्हीला जोडता येतो. त्यात कोडी मोफत घालता येतं. कोडी स्वतःचे कार्यक्रम आणत नाही. आपण भरू तेच दाखवतं. प्रवचनं, पूजा, तीर्थयात्रेचे फोटो, मुलांचे व्हिडिओ हार्ड डिस्कवर ठेवले की ते पडद्यावर नीट मांडलेले दिसतात. वर्गणीच्या सेवा त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडाव्यात. नेटफ्लिक्सच्या प्रोफाइलमध्ये पुढचा भाग आपोआप लागणं बंद करण्याची सोय आहे, ती आधी वापरावी.

हे काम पर्व सुरू होण्याआधीच्या एखाद्या रिकाम्या दुपारी करून टाका. घरातल्या सगळ्यांना सोबत बसवा आणि पडद्यावर काय असावं, किती वेळ असावं, हे एकत्र ठरवा. सगळ्यांनी मिळून ठरवलेली मर्यादा पाळायला सोपी जाते.