पद्मिनीचा बारीक पाईप: तुरीनहून कुर्ल्याला आलेल्या एका इंजिनाची गोष्ट

हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना शंभर वेळा आलेलं "म्हणजे" आणि "बरं का" काढून टाकलंय, सगळं नाही.

आजचा विषय आपल्या उदगीरच्याच एका श्रोत्याच्या मेसेजवरून निघाला. त्याच्याकडे आजोबांची प्रीमिअर पद्मिनी आहे. बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती, आता इंजिन सुरू झालंय. पण सायलेन्सर आणि पाईप गंजून चाळणी झालेत. एक मिस्त्री म्हणतो, कंपनीचा पाईप लई बारीक होता, दोन इंची टाकू, इंजिन मोकळं होईल. दुसरा म्हणतो, अजिबात नको, इंजिनाला मागून थोडा दाब लागतोच, बारीकच टाक. आता हा पोरगा विचारतोय, कुणाचं ऐकू?

दोघांचं थोडं थोडं चुकतंय. आणि दोघांच्या चुकीला सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे, म्हणून त्याचा हा भाग केला.

आपल्याकडे पाईप म्हटलं की डोक्यात आधी बोअरची पाईपलाईन येते. तिथलं गणित पोराटोरांना पाठ असतं: पाईप मोठा तर घर्षण कमी, पाणी जास्त. अडीच इंची परवडत असेल तर दोन इंची कोण टाकेल? पहिला मिस्त्री हेच लॉजिक गाडीला लावतो. पण मोटारीचं पाणी एकसारखं वाहतं, आणि इंजिनाचा धूर धक्क्याधक्क्याने निघतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ४८०० फेऱ्या मारत असेल तर सेकंदाला १६० धक्के. १५०० फेऱ्यांवर सेकंदाला ५०. प्रत्येक धक्का म्हणजे गरम वायूचा एक गोळा, आणि वायूला वजन असतं. तो जोरात पुढे निघाला की मागे थोडी पोकळी सोडून जातो. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह बंद व्हायच्या आणि इनटेकचा उघडायच्या त्या क्षणभरात ही पोकळी सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेते. पाईप फार रुंद असेल तर वायूचा वेग पडतो आणि ही ओढ मरते. फार बारीक असेल तर वायू तुंबतो आणि दट्ट्याला तो ढकलायला ताकद घालवावी लागते. सगळा खेळ या दोन टोकांच्या मधला आहे.

आता पद्मिनीच्या इंजिनाकडे या. हे इंजिन "मुंबईच्या टॅक्सीचं" म्हणून आपण ओळखतो, पण त्याचा जन्म १९३७ चा आहे, इटलीतल्या तुरीन शहरातला. फियाटने त्या वर्षी ५०८ सी नावाची गाडी काढली. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर, सिलिंडर चार. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा, १०८९ सीसी येतं. ताकद ३२ हॉर्सपॉवर, तीही ४००० फेऱ्यांवर. घरगुती, शांत, काटकसरी इंजिन.

मग महायुद्ध झालं. युद्ध संपल्यावर पिएरो दुसिओ नावाच्या तुरीनच्या उद्योगपतीला रेसिंगच्या गाड्या बनवायच्या होत्या. म्हणून फियाटचे इंजिनिअर दान्ते जिआकोसा यांनी फियाटचंच ११०० चं इंजिन घेऊन एक छोटी एकसीटर गाडी आखली. सिसितालिया डी ४६. सीसी जवळपास तेवढंच, पण फेऱ्या साडेपाच हजारांच्या घरात आणि ताकद साठीच्या आसपास. सप्टेंबर १९४६ मध्ये तुरीनलाच तिची पहिली शर्यत झाली आणि ती स्वतः दुसिओने जिंकली. पण लोकांच्या लक्षात राहिला तो ताझिओ नुवोलारी. त्याच्या गाडीचं स्टिअरिंग व्हील धावत्या गाडीत निखळलं, आणि हा गडी ते चाक हातात घेऊन हलवत पिटसमोरून गेला. त्याचे फोटो नेटवर आहेत, जरूर बघा.

याच सिसितालियाच्या रेसिंग टीमचं काम बघणारा माणूस होता कार्लो अबार्थ, मूळचा व्हिएन्नाचा. कंपनी बुडाली तेव्हा तिथल्या काही गाड्या आणि सामान घेऊन त्याने १९४९ मध्ये स्वतःचं दुकान मांडलं. रेसिंगमधून नाव मिळत होतं, पण रोजच्या खर्चाला पैसा सायलेन्सरने दिला. फियाटच्या साध्या गाड्यांना बसतील असे एक्झॉस्ट अबार्थ बनवून विकायचा. विंचवाचं चिन्ह, काळी नळकांडी, चकचकीत टोकं. आज बुलेटला आवाजाचा सायलेन्सर लावणारी जी पोरं आपण बघतो, त्यांचा हा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की अबार्थ नुसता आवाज विकत नव्हता. वायूला कमीत कमी अडथळा व्हावा अशी आतली रचना त्याने केली होती, आणि सोबत कार्बोरेटरचे किटही विकायचा, कारण एकटा पाईप बदलून फारसं काही होत नाही हे त्याला माहीत होतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाची आहे.

"मोकळा पाईप म्हणजे ताकद" हा समज मात्र अबार्थच्याही आधीचा. अगदी सुरुवातीच्या मोटारींचे सायलेन्सर खरंच इंजिनाचा गळा आवळायचे. म्हणून त्या काळच्या बऱ्याच गाड्यांना कट-आउट नावाची झडप असायची. चढ आला की ड्रायव्हर पायाने दाबायचा, धूर सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर, आणि गाडी ढणढण करत चढायची. गावोगाव लोक वैतागले आणि बऱ्याच ठिकाणी त्यावर बंदी आली. त्या काळच्या ड्रायव्हरचा अनुभव खोटा नव्हता. पुढे सायलेन्सर सुधारले, समज मात्र तसाच राहिला.

दुसऱ्या मिस्त्रीचा "मागून दाब लागतो" हा समजही अनुभवातूनच आलाय. कुणीतरी रुंद पाईप टाकला, खालचा पिकअप गेला, लोकांनी निष्कर्ष काढला की दाब कमी झाला म्हणून गेला. खरं तर गेला तो वेग. शिवाय पाईप बदलल्यावर कार्बोरेटरमधलं हवा-पेट्रोलचं प्रमाणही बिघडू शकतं, मिश्रण पातळ होतं, गाडी अडखळते. दाब स्वतःहून कुठल्याही फोर-स्ट्रोक इंजिनाच्या कामाचा नाही.

आता तुरीनहून कुर्ल्याला येऊ. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. जहाजं, विमानं, साखर असं सगळं करून झालेला हा माणूस. मोटार राहिली होती. सुरुवातीला कुर्ल्यात अमेरिकेच्या क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ जुळवल्या जायच्या. १९५३ च्या सुमारास सरकारने धोरण ठरवलं की नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथेच बनवायला हवेत. फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. प्रीमिअर राहिली, आणि १९५४ पासून तिच्याकडे फियाट ११०० आली. तेव्हा आपलं उदगीर हैदराबाद राज्यात, बिदर जिल्ह्यात होतं. महाराष्ट्र तर सोडाच, आपण मुंबई राज्यातही नव्हतो. गाडीची रूपं बदलत गेली, सत्तरच्या दशकात फियाट हे नाव गेलं, आधी प्रीमिअर प्रेसिडेंट आणि १९७४ मध्ये पद्मिनी झाली. बॉनेटखाली मात्र तेच ६८ बाय ७५, तेच १०८९ सीसी. ताकद चाळीसच्या आसपास.

म्हणजे एकाच मापाच्या इंजिनाने तुरीनच्या शर्यतीत साठच्या घरातली ताकद दिली आणि दादरच्या सिग्नलवर चाळीस. पाईप किती मोठा हवा याचं उत्तर सीसीमध्ये नाहीच. इंजिन दिवसाचा बहुतेक वेळ किती फेऱ्यांवर काढणार आहे, ते बघावं लागतं.

थोडा हिशोब करू. अंदाजी आहे, पण दिशा बरोबर दाखवतो. १०८९ सीसीचं इंजिन ४८०० फेऱ्यांवर पूर्ण भरलं तर सेकंदाला सुमारे ४४ लिटर हवा ओढेल. पण जुन्या कार्बोरेटरचं इंजिन पूर्ण भरत नाही, ३४ लिटर धरू. ही हवा बाहेर पडताना सहाएकशे डिग्री तापलेली असते, त्यामुळे फुगून साधारण तिप्पट, म्हणजे १०० लिटर होते. हे १०० लिटर आतून ३५ मिलिमीटर असलेल्या पाईपमधून काढायचे तर वेग येतो सेकंदाला १०४ मीटर. ४० मिलिमीटरमधून ८० मीटर. आणि ५० मिलिमीटरमधून, म्हणजे त्या दोन इंचीतून, फक्त ५१. (व्यास ३५ चा ५० झाला तर वाटतं दीडपटही वाढला नाही. पण क्षेत्रफळ वर्गात वाढतं, ते दुप्पट होतं. इथेच सगळे फसतात.)

ट्यूनिंगवाल्यांचा जुना ठोकताळा असा, की जोराच्या फेऱ्यांवर वेग ७५-८० मीटरच्या आसपास ठेवावा. म्हणजे पद्मिनी सतत ४८०० वर पळवायची असेल तर ४० चा पाईप शोभतो. सिसितालियासारखी साडेपाच हजारांवर ठेवायची तर ४५. पण उदगीरहून नळेगावमार्गे लातूरला जाताना आजोबांची गाडी ४८०० वर कोण नेणार आहे? ती तीन हजारांच्या आत-बाहेर राहणार. तिथे ३५ च्या पाईपमध्ये वेग ६५ मीटर मिळतो, चांगला आहे. दोन इंचीत उरतो जेमतेम ३२. बैलगाडी, ऊस, स्पीडब्रेकर यामागे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढायची तेव्हा हाच फरक पायाला कळतो.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला कंपनीचा पाईप म्हणजे डिफॉल्ट व्हॅल्यू वाटते. कुणीतरी विचार करून ठेवलेली असते, आणि कॉमेंट मात्र लिहिलेली नसते. पद्मिनीच्या पाईपमागचं कारण ती गाडी जशी जगली त्यात दिसतं: महाग पेट्रोल, पाच माणसं आणि कॅरिअरवर वळकट्या, अर्धा क्लच, थांबत थांबत चालणं. वरच्या फेऱ्यांवरची थोडी ताकद सोडून दिली आणि खालची ओढ ठेवली. मला तो सौदा शहाणपणाचा वाटतो.

तर प्रत्यक्षात करायचं काय? जुना पाईप फेकू नका. मॅनिफोल्डजवळचा तुकडा सहसा कमी गंजलेला असतो; त्याचा आतला व्यास व्हर्नियरने मोजा. दुकानदार पाईप बाहेरच्या मापाने विकतो, हे विसरू नका. बाहेरून ३८ चा आणि दीड मिलिमीटर जाडीचा पाईप आतून ३५ च असतो. मूळ आतल्या मापाच्या एक-दोन मिलिमीटर वर गेलात तरी बिघडत नाही, त्यापुढे कारण असल्याशिवाय जाऊ नका. मापापेक्षा वाकणाकडे जास्त लक्ष द्या. पाईप दाबून वाकवला की कोपऱ्यात चपटा होतो, आणि मग तुम्ही ३८ चा घेतलात काय नि ४० चा घेतलात काय, धूर त्या चपट्या जागेइतकाच जाणार. वेल्डिंगचा रस आत लोंबत असेल तर घासून काढायला सांगा. मॅनिफोल्डचं गॅसकेट नवीन टाका, तिथून गळती असेल तर बाकी सगळा हिशोब फुकट. नंतर पन्नासेक किलोमीटर चालवून प्लग काढून बघा. टोक बदामी असेल तर उत्तम. पांढरंफटक असेल तर मिश्रण पातळ झालंय, कार्बोरेटरच्या जेटकडे बघावं लागेल. काळं आणि काजळीचं असेल तर उलट. अबार्थ पाईपसोबत कार्बोरेटरचं किट का विकायचा ते इथे कळतं.

गाडीत मूळ इंजिन नसेल, कुणी मधल्या काळात दुसरं बसवलं असेल, तर वरचं माप चालणार नाही. हिशोबाची रीत तीच, सीसी आणि फेऱ्या तुमच्या घाला. प्रीमिअरच्याच ११८ एनई मध्ये निसानचं ११७१ सीसीचं इंजिन होतं, तेही जुन्या गाड्यांच्या बाजारात फिरत असतं.

आणि एक कायद्याची गोष्ट. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात ठेवलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नव्याने नोंदणी असेल तर तिला वेगळ्या मालिकेचा नंबर मिळतो. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल केलेली गाडी त्यात बसत नाही. १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीला पोचली. ज्यांच्या आरसी बुकवर ते किंवा त्याआधीचं साल आहे, त्यांनी गाडीला काहीही कापण्याआधी आरटीओत विचारून यावं. दोन इंचीचा आवाज झाला तर पोलिसांची पावती वेगळीच.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. (आपल्याकडे काळीपिवळी म्हटलं की अजून वडापची जीपच डोळ्यांपुढे येते, तो भाग वेगळा.) पण खासगी पद्मिनी अजून आहेत, आपल्या भागातही. डॉक्टरांच्या, वकिलांच्या, अडत्यांच्या वाड्यांत, ताडपत्रीखाली. तुमच्या ओळखीत कुणाची असेल तर तिच्या मूळ पाईपचं आतलं माप आणि गाडीचं साल मला पाठवा. पाच-दहा मापं जमली की एका तक्त्यात टाकून पुढच्या भागाखाली देतो.