एका सामन्यात ५ गोल, त्यानंतर देशाकडून एकही सामना नाही : ओलेग सालेंकोची कारकीर्द

ओलेग अनातोल्येविच सालेंको हा रशियाचा निवृत्त फुटबॉलपटू, आघाडीचा खेळाडू. जन्म २५ ऑक्टोबर १९६९, लेनिनग्राड (आताचं सेंट पीटर्सबर्ग). पुरुषांच्या विश्वचषकात एकाच सामन्यात ५ गोल करण्याचा विक्रम त्याच्या नावावर आहे. २०२२ च्या स्पर्धेपर्यंत तो कुणाला मोडता आलेला नाही. ज्या सामन्यात हा विक्रम झाला, तोच त्याचा रशियाकडून शेवटचा सामना. तेव्हा त्याचं वय होतं २४.

तारीख २८ जून १९९४. ठिकाण अमेरिकेतलं स्टॅनफर्ड स्टेडियम, समोर कॅमेरून. रशिया आधीचे दोन्ही सामने हरून आला होता, ब्राझीलकडून ०-२ आणि स्वीडनकडून १-३. ब्राझीलविरुद्ध सालेंको पहिल्या अकरात नव्हता, मध्यंतरानंतर बदली म्हणून आत आला. स्वीडनविरुद्ध चौथ्याच मिनिटाला त्याने पेनल्टीवर गोल मारला, पण सामना गेलाच. कॅमेरूनच्या गोटातही सगळं आलबेल नव्हतं. पैशावरून खेळाडू आणि संघटनेत वाद पेटलेला, आणि पहिले दोन सामने खेळलेला अनुभवी गोलरक्षक बेल याच्या जागी साँगोओ उभा.

सालेंकोने १५ व्या मिनिटाला पहिला गोल केला. ४१ व्या मिनिटाला दुसरा, ४४ व्या मिनिटाला पेनल्टीवर तिसरा. मध्यंतरालाच हॅट्ट्रिक झाली. मध्यंतरानंतर कॅमेरूनकडून रॉजे मिला मैदानात उतरला आणि आल्या आल्या त्याने गोल मारला. मिलाचं वय तेव्हा ४२, म्हणजे विश्वचषकात गोल करणारा सर्वात वयस्कर खेळाडू. हा विक्रमही त्याच दुपारचा, हे पुष्कळांच्या ध्यानात नसतं. नंतर ७२ आणि ७५ व्या मिनिटाला सालेंकोचे आणखी दोन. शेवटी राद्चेंकोने सहावा मारला. निकाल ६-१.

त्याआधी एका सामन्यात ४ गोल करणारे बरेच होते. १९६६ मध्ये पोर्तुगालचा युसेबिओ, १९८६ मध्ये स्पेनचा बुत्रागेन्यो. पाचवा मात्र कुणाला जमला नव्हता. महिलांच्या विश्वचषकात अमेरिकेच्या मिशेल एकर्सने १९९१ मध्येच ५ गोल केले होते, तेही सांगायला हवं.

एवढं करूनही रशियाचं भागलं नाही. तेव्हा २४ संघ आणि सहा गट. गटातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या सहा संघांपैकी चौघांना पुढची फेरी मिळायची. रशियाचे गुण झाले ३. अर्जेंटिना आणि बेल्जियमचे ६-६, इटली आणि अमेरिकेचे ४-४. सहा गोल मारले काय नि दहा मारले काय, गुण तेवढेच राहणार. रशिया घरी गेला.

सालेंकोचे मात्र स्पर्धेत ६ गोल झाले होते, आणि आता करायचं एवढंच होतं की बाकीच्यांचा खेळ बघत बसायचं. बल्गेरियाच्या स्टॉइचकोव्हने उपांत्य सामन्यात इटलीविरुद्ध पेनल्टी मारून सहाचा आकडा गाठला. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात त्याला गोल झाला नाही. ब्राझीलचा रोमारिओ आणि इटलीचा बॅजिओ पाचावर होते आणि अंतिम सामन्यात समोरासमोर आले. दोघांपैकी कुणी दोन गोल मारले असते तर सालेंको मागे पडला असता. पण तो सामना ०-० राहिला, ब्राझील पेनल्टी शूटआउटवर जिंकला, आणि शूटआउटचे गोल या हिशेबात धरत नाहीत. गोल्डन बूट सालेंको आणि स्टॉइचकोव्ह या दोघांत वाटून गेला. साखळीतच बाद झालेल्या संघातल्या खेळाडूला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ.

हा गडी काही एकाएकी उगवलेला नव्हता. १९८६ मध्ये, वयाच्या १६ व्या वर्षी तो झेनित लेनिनग्राडकडून वरिष्ठ संघात उतरला. १९८९ ला लोबानोव्स्कीच्या डायनामो कीव्हमध्ये गेला. सोव्हिएत फुटबॉलमध्ये उघडपणे पैसे मोजून झालेल्या सुरुवातीच्या व्यवहारांत हा धरला जातो. १९९० मध्ये कीव्हने लीग आणि कप दोन्ही जिंकले. १९८९ लाच सौदी अरेबियात झालेल्या युवा विश्वचषकात ५ गोल करून तो सर्वाधिक गोल करणारा ठरला. तिथेही नशीब तसलंच. उपांत्यपूर्व सामन्यात सोव्हिएत संघ नायजेरियाविरुद्ध ४-० पुढे होता, तो ४-४ वर आला आणि पेनल्टीवर हरला.

पुढे देशच मोडला. २९ एप्रिल १९९२ ला स्वतंत्र युक्रेनचा पहिला सामना उझहोरोदला हंगेरीशी झाला, १-३ ने हरले. त्या युक्रेनच्या संघात सालेंको होता. पण १९९४ च्या पात्रता फेरीत युक्रेनला जागा नव्हती, सोव्हिएत संघाची जागा रशियाकडे गेली होती. सालेंकोने रशिया धरला.

नोव्हेंबर १९९३ मध्ये ग्रीसमध्ये हरल्यावर रशियाच्या १४ खेळाडूंनी प्रशिक्षक सादिरिन यांच्याविरुद्ध पत्र लिहिलं. सालेंकोचं नावही त्यावर होतं. काही जण परत आले, त्यात तोही. कांचेल्स्किस, शालिमोव्ह, कोलिवानोव्ह, किरियाकोव्ह अशी मोठी नावं मात्र अमेरिकेला गेलीच नाहीत. ही मंडळी गेली असती, तर सालेंकोला कॅमेरूनविरुद्ध किती वेळ मैदान मिळालं असतं, हा प्रश्नच आहे.

विश्वचषकानंतर सादिरिन गेले, रोमान्त्सेव्ह आले. सालेंकोला पुन्हा बोलावणं आलं नाही.

क्लबचा आलेखही तिथून उतरता. विश्वचषकाआधीच्या हंगामात स्पेनमध्ये, द्राक्ष आणि वाइनसाठी नावाजलेल्या रिओखा भागातल्या लोग्रोन्येस या लहान क्लबकडून त्याने लीगमध्ये १६ गोल केले होते. गोल्डन बूट घेऊन तो व्हॅलेन्सियात गेला, तिथे लीगमध्ये ७ गोल. १९९५ ला स्कॉटलंडच्या रेंजर्समध्ये गेला. गॅस्कॉइन आणि लॉड्रप असलेला तो संघ. तिथेही लीगमध्ये ७ गोल, आणि हंगाम संपायच्या आत अदलाबदल : फान फोसन रेंजर्सकडे, सालेंको तुर्कस्तानच्या इस्तंबूलस्पोरकडे. तिथे गोल होत होते, पण गुडघ्याने साथ सोडली. शस्त्रक्रिया झाल्या. स्पेनच्या कोर्दोबाकडून मोजके सामने, पोलंडच्या पोगोन श्चेचिनकडून एक, आणि तिशी ओलांडता ओलांडता खेळ थांबला.

नंतर तो कीव्हमध्ये राहिला. वाळूवरच्या फुटबॉलमध्ये युक्रेनच्या संघासोबत काम केलं, दूरचित्रवाणीवर सामन्यांचं विश्लेषण केलं.

रशियाकडून त्याचे एकूण सामने ८, गोल ६. हे सहाही गोल २४ ते २८ जून १९९४ या पाच दिवसांतले.