मासा सोडला, म्हणजे सुटला का?

घटप्रभेच्या काठावर असो नाहीतर मांडवीच्या पुलाखाली, सुट्टीच्या दिवशी रॉड घेऊन बसणारे हौशी लोक आता सगळीकडे दिसतात. कोकण-गोव्याकडे याला गरवणं म्हणतात. पूर्वी गरवलेला मासा सरळ घरी कालवणात जायचा. आता बरेच जण फोटो काढून तो परत पाण्यात सोडतात. ‘कॅच अँड रिलीज’ म्हणतात ते हेच. सोडलेल्या माशाचं पुढं काय होतं, हे मात्र फारसं कुणी बघत नाही.

आधी दुखण्याचं. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष किंवा ॲसेटिक ॲसिड टोचलं. मासे तळावर अंग हेलकावू लागले आणि कितीतरी वेळ खाण्याकडे वळले नाहीत. ॲसिड टोचलेले तर ओठ खड्यांवर घासत होते. मॉर्फिन दिल्यावर ही लक्षणं कमी झाली. माशाच्या मेंदूत माणसासारखा निओकॉर्टेक्स नाही, त्यामुळे याला वेदना म्हणता येणार नाही, असं मानणारेही शास्त्रज्ञ आहेत. वाद मिटलेला नाही, पण गळ टाकणाऱ्यानं संशयाचा फायदा माशाला द्यावा, असं मला वाटतं. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव.

दुसरा प्रश्न दमाचा. दोरीवर झुंजून मासा थकतो, आणि नेमका तेव्हाच आपण त्याला हवेत धरतो. हवेत कल्ल्यांचे पदर एकमेकांना चिकटतात, श्वास चालत नाही. १९९२ च्या एका प्रयोगात दमवून लगेच पाण्यात ठेवलेल्या ट्राउटपैकी १२ टक्के मेले. दमवून ३० सेकंद हवेत ठेवलेले ३८ टक्के, आणि पूर्ण मिनिटभर ठेवलेले ७२ टक्के. फोटोला मिनिट सहज जातं. ट्राउट थंड पाण्यातला मासा, म्हणून हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. कावेरीतल्या निळ्या पंखांच्या महसीरवरच्या अभ्यासात मरतूक कमीच दिसली. पण मोठा मासा ओढायला वेळ लागतो आणि तो जास्त गळून जातो, हेही त्यात आलं. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो, तेव्हा धोका आणखी वाढतो.

कावेरीचा विषय निघालाच आहे तर तिथली गोष्ट सांगायला हवी. १९४६ मध्ये तिच्याच उपनदीत, काबिनीत, १२० पौंडाचा महसीर गळाला लागला होता. तो कुबड्या महसीर. पुढे तिथं संवर्धन म्हणून निळ्या पंखांचा महसीर सोडला गेला. त्याची पिल्लं आपल्या लोणावळ्याच्या हॅचरीतली. हेतू चांगलाच होता, पण हा पाहुणा वाढला आणि मूळचा कुबड्या मागे पडला. हे उघड कशावरून झालं? गळ टाकणाऱ्यांच्याच वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून! कुबड्या आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. म्हणून हौशी गळवाला म्हणजे नदीचा शत्रू, असं सरसकट म्हणता येत नाही. वन्यजीव अभयारण्याच्या हद्दीतला गळ मात्र तिथं पुढे बंद झाला.

जर्मनीत उलटा विचार आहे. योग्य कारणाशिवाय प्राण्याला त्रास द्यायचा नाही, आणि नुसता खेळ हे तिथं योग्य कारण धरत नाहीत. सोडून देण्याच्याच इराद्यानं मासा धरायला स्वित्झर्लंडनं २००९ पासून मनाई केली. म्हणजे तिथल्या हिशेबानं खाण्यासाठी धरणारा आपला गरवणारा बरोबर, आणि फोटोवाला चूक.

आपल्याकडे तिसरी वाटही जुनी आहे. महाडजवळ वाळण कोंडीत आणि शृंगेरीला तुंगेच्या घाटावर देवाचे मासे म्हणून महसीरला कुणी हात लावत नाही. लोक चुरमुरे टाकतात, मासे वर येतात, झालं.

तरीही गळ टाकणारच असाल तर बिनकाट्याचा आकडा वापरा, तो चटकन निघतो. दोरी माशाच्या वजनाला पुरेल इतकी जाड घ्या, म्हणजे झुंज लांबत नाही. हात ओले करूनच मासा धरा, कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जखमेला बुरशी धरते. कल्ल्यात बोटं घालू नका. आकडा घशात गेला असेल तर ओढू नका, दोरी जवळून कापा. आणि फोटो मासा पाण्यात असतानाच काढा.