तेरचें विटांचें देऊळ आणि जुन्नरचीं लेणीं

पुणें जिल्ह्यांतील जुन्नर आणि धाराशिव जिल्ह्यांतील तेर यांमध्यें अंतर पुष्कळ आहे. परंतु इतिहाससंशोधनांत हीं दोन गांवें पूर्वींच एकमेकांसमोर उभीं राहिलीं आहेत. ‘पेरिप्लस’ ह्या प्राचीन ग्रीक ग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नांवाची मोठी पेठ सांगितली आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं हें तगर म्हणजे जुन्नर असें मानलें. पण जुन्नर तर पैठणच्या पश्चिमेस पडतें! पुढें १९०१ सालीं फ्लीट यांनीं तगर म्हणजे तेरच, असें दाखवून दिलें.

जुन्नरचा तो मान गेला, तरी नातें तुटलें नाहीं. तेर येथें त्रिविक्रमाचें जुनें देऊळ आहे. तें विटांचें आहे. त्याचा गाभारा मागील बाजूस अर्धगोल असून वर कमानदार छत आहे. हत्तीच्या पाठीची आठवण करून देणाऱ्या ह्या घाटास ‘गजपृष्ठ’ म्हणतात. जुन्नरजवळील लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यांत, म्हणजे तेथील चैत्यगृहांत, हाच घाट कातळांत कोरलेला आहे. मात्र कोरीव लेण्यास पाठ नसते. तें आंतूनच पाहावें लागतें. अशी वास्तु बाहेरून कशी दिसे, हें तेरच्या विटा सांगतात.

विसाव्या शतकाच्या आरंभीं हेन्री कझिन्स यांनीं ह्या देवळाची पाहणी केली. हें मूळचें बौद्ध चैत्यगृह असून मागाहून विष्णूचें देऊळ झालें, असें त्यांचें मत पडलें. आंध्रांतील चेझर्ला येथील कपोतेश्वराचें देऊळही ह्याच घाटाचें आहे. तथापि केवळ आकार हा पुरेसा पुरावा नव्हे. ऐहोळे येथील ‘दुर्ग’ मंदिर गजपृष्ठ असूनही हिंदु देऊळ म्हणूनच बांधलेलें आहे. लेण्याद्रीची गोष्ट निराळी. तेथील चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचें दान होय, असा शिलालेखच आहे. आणि शेजारच्या सातव्या लेण्यांत, जेथें एके काळीं भिक्षु राहत, तेथें आज गिरिजात्मज गणपति विराजमान आहे. तेथें पालट उघड दिसतो. तेरेस तो अनुमानाचा विषय आहे.

एक गोष्ट मात्र दोन्ही ठिकाणीं ध्यानांत घेण्याजोगी आहे. कातळ कोणी उचलून नेत नाहीं. देव असो वा नसो, लेणें टिकतें. विटांचें तसें नाहीं. ओस पडलेल्या इमारतीच्या विटा गांवच्या घरांच्या भिंतींत जातात, आणि उरलेल्या पावसानें झिजतात. तेर हें गोरोबाकाकांचें, म्हणजे कुंभाराचें गांव. भाजलेल्या मातीचें आयुष्य किती, हें तेथें कोणास सांगावयास नको. तेव्हां हें देऊळ शतकानुशतकें उभें राहिलें, तें गाभाऱ्यांत दिवा लागत राहिल्यामुळें आणि कोणी ना कोणी डागडुजी करीत राहिल्यामुळें, असें मानण्यास जागा आहे. मूळ देव कोणता, हा वाद विद्वानांनीं खुशाल चालवावा. परंतु वाद घालावयास भिंत उरली, ती पूजा करणाऱ्यांच्या हातांनीं.